सिमो हायहा : एका शेतकऱ्याचे ९८ दिवस

'स्नायपर' हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचा जन्म हिंदुस्थानातला आहे. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. लांब चोचीचा, चिखलात चोच खुपसून किडे शोधणारा, हिवाळ्यात आपल्याकडच्या पाणथळ जागी उतरणारा पक्षी. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांपासून चार हातांवर हा बसलेला असतो, पण दिसत नाही, कारण अंगाचा रंग अगदी सुकलेल्या गवताचा. आणि उडाला की सरळ उडेल तर शपथ! वेडावाकडा, झोकांड्या खात उडतो. १७७० च्या दशकात इथे आलेल्या इंग्रज शिपायांना याची शिकार करायचा नाद लागला. ज्याला पाणलावा पाडता येतो त्याचा नेम पक्का, असा हिशोब. त्यातून 'स्नाइप करणं' हे क्रियापद आलं, आणि पुढे पन्नासेक वर्षांनी लपून माणसं टिपणाऱ्याला स्नायपर म्हणायला लागले.

म्हणजे आधी पक्षी, मग माणूस. ज्याच्याबद्दल आज लिहायचंय त्याचा प्रवासही थोडाफार असाच आहे.

स्नायपर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. २००१ चा 'एनिमी ॲट द गेट्स' हॉस्टेलवर आम्ही किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यात रशियन झाइत्सेव आणि त्याला मारायला खास जर्मनीहून आलेला मेजर कोनिग. झाइत्सेव खरा होता, स्टालिनग्राडमध्ये त्याच्या नावावर २२५ जण लागले. पण त्या मेजर कोनिगचा जर्मन कागदपत्रांत पत्ताच लागत नाही! दोन वाघांची झुंज लोकांना आवडते, म्हणून ती टिकली. खऱ्या स्नायपरचं आयुष्य पडद्यावर दाखवलं तर प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांत उठून जातील. कारण त्यात बहुतेक वेळ काहीच घडत नाही. एक माणूस बर्फात पालथा पडलाय. बस्स.

असा तासन् तास पालथा पडणारा माणूस म्हणजे फिनलंडचा सिमो हायहा. (फिनिश लोक हे आडनाव 'हॅ' आणि 'ह्यू' यांच्या अधेमधे कुठेतरी उच्चारतात. देवनागरीत ते नीट मावत नाही, म्हणून आपण हायहाच म्हणू.) युद्धांच्या इतिहासात सगळ्यात जास्त बळी नावावर असलेला स्नायपर म्हणून त्याचं नाव घेतात. आकडा साधारण पाचशे सांगितला जातो. या आकड्याबद्दल मला पुढे बरंच बोलायचंय, पण आधी माणूस बघू.

जन्म १७ डिसेंबर १९०५, रशियाच्या सीमेजवळच्या राउत्यार्वी भागातल्या एका वाडीत. तेव्हा फिनलंड स्वतंत्र देश नव्हताच, झारच्या साम्राज्याचा भाग होता. स्वातंत्र्य मिळालं ६ डिसेंबर १९१७ ला, म्हणजे हा अकरा वर्षांचा असताना. घर शेतकऱ्याचं, भावंडं आठ. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. शेती, जंगल आणि शिकार. वयात आल्यावर तो नागरी रक्षक दलात गेला. हे म्हणजे गावागावांतल्या लोकांचं स्वयंसेवक दल, आठवडाभर नांगर आणि सुट्टीला बंदूक अशातला प्रकार. १९२५ मध्ये सक्तीची लष्करी नोकरी केली ती सायकल बटालियनमध्ये! (हो, सायकलवरून जाणारी पलटण. त्या जंगलवाटांवर ती घोड्यापेक्षा स्वस्त पडत असावी.) मग परत शेती. नेमबाजीच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवायचा, आणि फोटो काढताना मागच्या रांगेत कोपऱ्यात उभा राहायचा, असं सांगतात.

त्याच्या सरावातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बंदुकीची नाहीच, अंतराची आहे. समोरचं झाड किती लांब आहे याचा आधी मनाशी अंदाज करायचा, आणि मग जाऊन मोजायचं. पुन्हा दुसरं झाड. उन्हात, पावसात, संध्याकाळच्या उजेडात, बर्फ पडल्यावर. दीडशे मीटरपर्यंतचा त्याचा अंदाज मीटरभरसुद्धा चुकायचा नाही असं लिहून ठेवलंय. गोळी सरळ रेषेत जात नाही, खाली येत जाते, त्यामुळे अंतर चुकलं की नेम चुकलाच. कॉलेजात एनसीसीमध्ये आम्हाला पॉइंट टू टू रायफल मिळायची. चटईवर पालथं पडून पाच गोळ्या, समोर पंचवीस मीटरवर कागद. सुभेदार साहेब ओरडायचे, "श्वास अर्धा सोड, थांब, आणि चाप ओढू नको, दाब!" पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत असा त्यांचा हट्ट. तो कागद हलत नव्हता, आमच्यावर गोळ्या झाडत नव्हता, आणि मैदानावर थंडी म्हणाल तर स्वेटरपुरती. तरी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नळीचं टोक हलताना दिसायचं. तेव्हापासून नेमबाजांबद्दल मला जो आदर आहे तो आहे.

आता रायफल. हायहाची रायफल मूळच्या रशियन मोसिन-नागान्त जातीची. १८९१ चं डिझाइन. झारचं राज्य गेलं तेव्हा फिनलंडमध्ये या रायफली हजारोंनी मागे राहिल्या, आणि नव्या गरीब देशाने त्या टाकून न देता सुधारून वापरल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर निव्वळ लेगसी सिस्टिम! जुन्या रशियन रायफलींवर अंतराच्या खुणा 'अर्शिन' या जुन्या रशियन मापात होत्या, एक अर्शिन म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटर. फिनिश कारागिरांनी नळी बदलली, नेम धरायची पट्टी बदलली, खुणा मीटरमध्ये आणल्या. हायहाकडे होती ती या सुधारणांच्या शेवटाकडची, एम २८-३०. म्हणजे रशियनांवर रशियन डिझाइनची रायफल, आणि काडतूसही त्याच जातीचं. शत्रूकडून हाती लागलेला दारूगोळा थेट वापरता यायचा. कंपॅटिबिलिटी याला म्हणतात.

आणि तिच्यावर दुर्बीण नव्हती. लोक इथे अडखळतात. नुसती मागची खाच आणि पुढचा लोखंडी खुंट. पण त्याची कारणं ऐकली की पटतं. दुर्बीण बसवली की डोकं काही सेंटिमीटर वर उचलावं लागतं, आणि तेवढे सेंटिमीटर समोरच्या नेमबाजाला पुरतात. कडाक्याच्या थंडीत काच धुरकट होते. आणि ऊन तिरपं आलं की काच चमकते, म्हणजे आपणच आपला पत्ता देतो. त्याने टिपलेल्या एका रशियन स्नायपरची गोष्ट सांगतात, ती अशीच. दिवसभर दोघेही गप्प, आणि मावळतीला त्या रशियनाच्या दुर्बिणीवर ऊन चमकलं. गोष्टीला किती मीठमसाला लागलाय देव जाणे, पण तत्त्व खरं आहे.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला. इकडे ३७ लाखांचा देश, तिकडे १७ कोटींचा. स्टालिनला लेनिनग्राडच्या संरक्षणासाठी सीमा मागे ढकलून हवी होती, फिनलंडने नाही म्हटलं, आणि मग सीमेवरच्या मायनिला गावात तोफगोळे पडल्याचं निमित्त झालं. राजकारण लांबलचक आहे, ते इथे नको. डिसेंबरमध्ये राष्ट्रसंघाने रशियाला हाकलून दिलं, त्याने प्रत्यक्षात काडीचाही फरक पडला नाही, एवढं सांगितलं की पुरे.

हायहा ३३ वर्षांचा राखीव सैनिक, नाईकाच्या तोडीचा हुद्दा. ३४ व्या पायदळ रेजिमेंटच्या सहाव्या कंपनीत त्याला घेतलं. जागा कोल्ला. लाडोगा सरोवराच्या उत्तरेला, एक लहानशी नदी, एक रस्ता, एक रेल्वेमार्ग, आणि बाकी नुसतं जंगल. पण ही वाट उघडी पडली असती तर रशियन फौज दक्षिणेच्या मुख्य आघाडीच्या पाठीत उतरली असती. त्यामुळे कोल्ला टिकवणं भागच होतं. ७ डिसेंबरपासून तिथे जी लढाई जुंपली ती शेवटच्या दिवसापर्यंत.

त्याचा कंपनी कमांडर म्हणजे एक नमुनाच होता. आर्ने यूटिलाइनेन. पाच वर्षं फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये मोरोक्कोत काढून आलेला, आणि म्हणून सगळे त्याला 'मोरोक्कोचा कर्दनकाळ' म्हणायचे. दारूबाज, बेशिस्त आणि जिगरबाज. (याचा धाकटा भाऊ इल्मारी हा फिनलंडचा सगळ्यात यशस्वी लढाऊ वैमानिक, ९४ विमानं नावावर. काय घराणं असेल!) कोर कमांडर हेग्लुंडने विचारलं, कोल्ला टिकेल का? तर याने उत्तर दिलं म्हणे, टिकेल, पळायचा हुकूम आला नाही तर. या आरडाओरडा करणाऱ्या माणसाने आपल्या कंपनीतला सगळ्यात गप्प माणूस हेरला, आणि त्याला मोकळं सोडलं. मला वाटतं यूटिलाइनेनची ही सगळ्यात शहाणी गोष्ट. चांगल्या टीम लीडने कधी कधी एवढंच करायचं असतं, बाजूला व्हायचं!

हायहाचा दिवस कसा जायचा? आदल्या रात्रीच जागा बघून ठेवायची. पहाटे उजेड व्हायच्या आधी तिथे जाऊन बसायचं. वर पांढरा झगा, आत कपड्यांचे थर. खिशात साखर आणि पाव, कारण थंडीत शरीर भट्टीसारखं इंधन खातं. नळीच्या पुढचा बर्फ थापून घट्ट करायचा. का, तर गोळी सुटली की तोंडातून निघणाऱ्या वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उडतो आणि धुळीसारखा ढग दिसतो. तोंडात बर्फ धरायचा, म्हणजे श्वासाची वाफ दिसणार नाही. त्या हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत उतरला होता. उणे ४०! या आकड्याला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, एवढीच माझी त्या थंडीशी ओळख. अशा थंडीत बंदुकीचं तेल घट्ट होऊन यंत्रणा अडकते, म्हणून निघायच्या आधी आणि परत आल्यावर रायफल साफ. बाकीचे त्याला हसायचे की हा बंदूक पुसतच बसतो.

यात शौर्य वगैरे कुठे दिसतं का? मला तर यात एक शेतकरी दिसतो. पेरणीआधी औत तपासणारा, आभाळाकडे बघून दिवसाचा अंदाज बांधणारा, आणि मुख्य म्हणजे वाट बघायची सवय असलेला. प्रॉडक्शन सपोर्टला नाइट शिफ्ट केलेल्या कुणालाही विचारा, काही न घडण्याच्या वेळात जागं राहणं हे काम करण्यापेक्षा अवघड असतं. तिथे चूक झाली तर सकाळी मेल येतो, कोल्लाला मात्र मॉर्टर यायचा. हायहाची जागा हेरली असा संशय आला की रशियन त्या सगळ्या पट्ट्यावर तोफा लावायचे.

समोर कोण होतं हेही बघायला हवं. लाल सेनेच्या त्या शिपायांपैकी बऱ्याच जणांकडे सुरुवातीला पांढरे कपडेसुद्धा नव्हते. पांढऱ्या बर्फावर गडद कोट. फिनिश कामगार तुमचं स्वागत करतील असं सांगून आणलेली पोरं. थंडीने हातपाय काळे पडतायत, अन्न शिजवायला आग पेटवली की जंगलातून गोळी येते. फिनिश लोक फिरती स्वयंपाकघरं मुद्दाम हेरून उडवायचे, कारण उपाशी माणूस थंडीत आपोआप संपतो. हायहाच्या गोळीने पडलेला कुणीतरी कदाचित फक्त चहाचं पाणी ठेवायला वाकला असेल. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण हे सोडून फक्त त्याच्या नेमाचं कौतुक करायचं म्हणजे निम्मीच गोष्ट सांगायची.

आता तो आकडा.

पाचशे पाच, पाचशे बेचाळीस, असे आकडे इंटरनेटवर फिरत असतात. थोडा हिशोब करू. युद्ध सुरू झालं ३० नोव्हेंबरला, हायहा जखमी झाला ६ मार्च १९४० ला. दोन्ही दिवस धरून ९८. (१९४० लीप वर्ष होतं, मी तपासलं. धंद्याची खोड.) त्यात कोल्लाची आघाडी उभी राहायच्या आधीचा आठवडा वेगळा. त्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस जेमतेम पाच-साडेपाच तासांचा. म्हणजे पाचशे आकडा धरला तर रोजचे पाचाहून जास्त. २१ डिसेंबरला एका दिवसात २५ अशीही नोंद सांगतात. अशक्य म्हणता येत नाही, कारण समोरून माणसं लाटेसारखी येत होती. शिवाय हायहा फक्त रायफलवाला नव्हता. जवळच्या लढाईत तो सुओमी सबमशीनगन चालवायचा, आणि त्यातले किती त्याचे आणि किती इतरांचे हे कोण सांगणार?

आणि मोजत कोण होतं? तर डिव्हिजनचा पाद्री! आंत्ती रांतामा हा धर्मोपदेशक टिपणं ठेवायचा, आणि त्याच्या हिशोबात रायफलीचे २५९ आणि तेवढेच सबमशीनगनचे आहेत. दोन आकडे तंतोतंत सारखे आले की कुठल्याही डेटा बघणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच. रीस्तो मार्योमा या इतिहासकाराने फिनलंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशातल्या नोंदीत हात राखून दोनशेहून अधिक एवढंच म्हटलंय. त्याचं चरित्र लिहिणारा लष्करी अधिकारी तापिओ सारेलाइनेन मोठ्या आकड्याच्या बाजूचा. हा हायहाला म्हातारपणी अनेकदा भेटला होता.

माझं मत म्हणाल तर दोन्ही बाजूंना आकड्याची गरज होती हे विसरू नये. इवल्याशा फिनलंडला त्या हिवाळ्यात बातमी हवी होती, वर्तमानपत्रांना नायक हवा होता. 'पांढरा मृत्यू' हे नाव रशियनांनी घाबरून ठेवलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते फिनिश प्रचारातून आलं असण्याची शक्यताच जास्त. पुढे दुसऱ्या महायुद्धात खुद्द रशियाने स्नायपरांची चळवळच उभी केली, प्रत्येकाच्या नावावर हिशोब चढवला. ल्युदमिला पावलिचेंको हिच्या नावावर ३०९, आणि १९४२ मध्ये तिला अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं. तिकडचे पत्रकार तिला विचारत बसले, आघाडीवर मेकअप करतेस का! आकडा एकदा मिळाला की माणूस मागे पडतो. आमच्या धंद्यात महिन्याला किती तिकिटं बंद केली यावर माणसं तोलतात, तेव्हा तिकिटात काय होतं हे कुणी उघडून बघत नाही. फक्त इथे प्रत्येक तिकिटाला आई होती.

६ मार्च १९४०. युद्ध संपायला आठवडा उरलेला. उलिस्मा नावाच्या जंगलात चकमक चालू असताना हायहाला स्फोटक गोळी लागली, जबड्याच्या डाव्या बाजूला. उचलून नेणाऱ्यांनी सांगितलं की अर्धा चेहरा उरलेलाच नव्हता. तो शुद्धीवर आला १३ मार्चला. नेमक्या त्याच दिवशी युद्ध थांबलं. तो मेला अशी बातमी वर्तमानपत्रात आली होती, आणि ती वाचून यानेच पत्र पाठवून दुरुस्त केली, अशी एक गोष्ट सांगतात. पुढची अनेक महिने वीसहून जास्त शस्त्रक्रिया. जबडा हाडं जोडून नव्याने उभा केला. पुढचं सगळं आयुष्य तो वाकडा गाल घेऊनच वावरला. १९४१ मध्ये रशियाशी पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा त्याला जायचं होतं, पण या अवस्थेत कुणी घेतलं नाही.

आणि तह काय झाला? कोल्लाची फळी शेवटपर्यंत फुटली नव्हती. १३ मार्चला सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या तेव्हा फिनिश सैनिक तिथेच उभे होते. आणि मग त्यांना सांगण्यात आलं की आता निघा, ही जमीन तहात रशियाला गेली. तीन महिने जी जागा जीव देऊन धरली, ती चालत सोडून यायची! फिनलंडचे या युद्धात पंचवीस हजारांवर माणसं गेली, रशियाचे सव्वा लाखाच्या वर. चार लाखांवर फिनिश लोक घरदार सोडून नव्या सीमेच्या अलीकडे आले. राउत्यार्वीचाही मोठा भाग पलीकडे गेला. हायहाला रुओकोलाहती भागात नव्याने बस्तान बसवावं लागलं.

मार्शल मॅनरहाइमने त्याला बढती दिली ती मधल्या पायऱ्या गाळून एकदम सेकंड लेफ्टनंट. त्या सैन्यात अशी उडी क्वचितच कुणी मारली असेल. पण लष्करात तो राहिला नाही. शेती केली, कुत्री पाळली, मूस नावाच्या मोठ्या हरणाची शिकार केली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले उर्हो केक्कोनेनसुद्धा त्याच्याबरोबर शिकारीला गेलेत. लग्न केलं नाही. सगळेच त्याचं कौतुक करत होते असंही नाही. युद्धानंतर रशियाशी जमवून घ्यायचे दिवस आले, आणि या माणसाला तिरस्कार आणि जिवे मारायच्या धमक्याही सोसाव्या लागल्या. ज्या आकड्याने १९४० मध्ये नायक केलं, त्याच आकड्याने नंतर हे दिलं.

म्हातारपणी, १९९८ मध्ये, कुणीतरी त्याला विचारलं की इतका चांगला नेमबाज कसा झालास? तर म्हणाला, सराव. पुढे काही नाही. पश्चात्ताप होतो का, यावर त्याचं म्हणणं असं की मला जे सांगितलं ते मी जमेल तितकं नीट केलं, आणि बाकीच्यांनीही तसं केलं नसतं तर फिनलंड राहिला नसता. माणसं मारताना काय वाटायचं, फक्त बंदुकीचा धक्का, असलं एक डायलॉगछाप वाक्य त्याच्या नावावर फिरतं. तेच वाक्य इतर चार स्नायपरांच्या नावावरही खपवलेलं आहे. हायहाच्या खऱ्या उत्तरांशी ते जुळत नाही. ती उत्तरं फार साधी आहेत, जवळजवळ कंटाळवाणी. बांधावर बसून पिकाबद्दल बोलावं तशी. त्यामुळेच मला ती खरी वाटतात.

मग या गप्प माणसाला आत काहीच नव्हतं का? बरीच वर्षं असंच वाटत होतं. तो १ एप्रिल २००२ ला हामिना इथे, युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या संस्थेत वारला, वय ९६. आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०१७ मध्ये, एक वही सापडली. जखमी झाल्यावर काही महिन्यांत, म्हणजे १९४० मध्येच, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या युद्धाच्या आठवणी. साठ वर्षं त्याने ही वही कुणाला दाखवली नव्हती.

त्या वहीत आकडाही आहे, साधारण पाचशेचा. म्हणजे मोजदाद त्याच्याकडेही होती. पण त्याने तिला यादी म्हटलंय ती पापांची. त्याच्या फिनिश शब्दाचा सरळ अर्थ तोच होतो, पापांची यादी. ल्यूथरपंथी शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने हा शब्द उगाच वापरला असेल असं मला वाटत नाही. काही जण म्हणतात सैनिकी थट्टा आहे ती. असेलही. थट्टेत माणूस जे बोलतो ते तो एरवी बोलू शकत नाही. चारचौघांत विचारलं तर 'सांगितलं ते केलं', आणि एकट्याने लिहिताना 'पाप'. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं मला मानवत नाही. दोन्ही एकाच हातचं आहे.

पण वहीची सुरुवात या यादीने होत नाही. जबडा फुटलेला, बोलणं अवघड, समोर कोरी वही, आणि नुकतंच संपलेलं युद्ध. अशा वेळी पहिली आठवण त्याने लिहिली ती नाताळनंतरच्या दिवसांतली. त्यांनी एक रशियन पकडला होता. त्याचे डोळे बांधले, त्याला आंधळ्या कोशिंबिरीसारखं गरगर फिरवलं, आणि दिशा पार हरवल्यावर मोरोक्कोच्या कर्दनकाळाच्या तंबूत नेलं, जिथे मेजवानी चालू होती. रशियन त्या मौजमजेत जाम खूश झाला. आणि परत पाठवायची वेळ आली तेव्हा हायहा लिहितो की गड्याचा चेहरा पडला. त्याला जायचंच नव्हतं.